उन्हात फुगणारी बोटीची टाकी : अमेरिकेतले बोटवाले पर्यावरणाच्या नियमावर का चिडतात?

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत उन्हाळा म्हणजे तळ्यांचा सीझन. शनिवारी पहाटे गाडीमागे ट्रेलर जोडायचा, त्यावर चौदा-पंधरा फुटांची छोटी बोट ठेवायची आणि मासे पकडायला निघायचं, हा तिथला घरोघरचा कार्यक्रम. बोटीला मागच्या बाजूला एक आउटबोर्ड इंजिन लटकवलेलं असतं आणि त्याला पेट्रोल पुरवायला पायाशी एक लाल प्लास्टिकची टाकी.

ही टाकी सकाळी भरली तेव्हा चांगली चौकोनी असते. दुपारी बघावं तर उशीसारखी फुगलेली. झाकण जरा फिरवलं की फुस्स आवाज, पेट्रोलचा भपकारा आणि कधीकधी हातावर, तोंडावर तुषार. बोट नुसती काठाला बांधून ठेवली असेल, तर इंजिनाखालच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. म्हणजे पेट्रोल गळतंय. आणि हे सगळं का होतं, तर पर्यावरण वाचवायला केलेल्या एका नियमामुळे.

ऐकायला विचित्र वाटतं. पण बोटवाल्यांची तक्रार अगदीच हवेतली नाही. नियमही वेड्यासारखा केलेला नाही. मग घोळ नेमका कुठे झालाय, ते बघूया.

आधी ही टाकी समजून घ्या

मोठ्या बोटींमध्ये टाकी बोटीच्या अंगातच बसवलेली असते. छोट्या बोटींना मात्र सुटी टाकी लागते. वर धरायला मूठ, एका बाजूला नळी जोडायचं कनेक्टर, मध्ये झाकण. काम झालं की नळी काढायची आणि टाकी उचलून घरी न्यायची. अमेरिकी नियमांत ‘पोर्टेबल’ टाकीची व्याख्याही जवळपास अशीच आहे : उचलायची सोय, इंजिनाला झटकन जोडता-काढता येणारी नळी आणि १२ गॅलन, म्हणजे साधारण ४५ लिटरपर्यंतची क्षमता. बाजारात ३ गॅलन आणि ६ गॅलनच्या टाक्याही खूप दिसतात.

नळीच्या मध्ये अंड्याच्या आकाराचा एक रबरी फुगा असतो. त्याला प्रायमर बल्ब म्हणतात. इंजिन सुरू करण्याआधी तो चार-सहा वेळा दाबायचा, म्हणजे पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत चढतं. हा फुगा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जुन्या टाक्यांच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असायचा. तो व्हेंट, म्हणजे टाकीचं नाक. इंजिन चालवताना तो उघडायचा, कारण आतलं पेट्रोल कमी होत जातं तशी त्या जागी हवा आत यावी लागते. काम संपलं की बंद करायचा, म्हणजे गाडीत टाकी ठेवल्यावर वास येत नाही. पद्धत साधी होती, पण सगळी भिस्त माणसाच्या लक्षात राहण्यावर. स्क्रू उघडायला विसरलं तर पाच-दहा मिनिटांत इंजिन धापा टाकत बंद पडायचं. बंद करायला विसरलं तर टाकी रात्रंदिवस वाफ सोडत बसायची. लोक दुसरी गोष्ट जास्त विसरायचे, कारण त्यात त्यांचं काही अडत नव्हतं.

नियम काय म्हणतो?

अमेरिकेत प्रदूषणाचे नियम करणारी संस्था म्हणजे एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन एजन्सी, थोडक्यात ईपीए. तिने २००८ साली एक मोठा नियम आणला. तो फक्त बोटींसाठी नव्हता. गवत कापायची यंत्रं, छोटे जनरेटर, बोटींची पेट्रोल इंजिनं, सगळं त्यात आलं. इंजिनाच्या धुरासोबत या नियमाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं : इंजिन बंद असताना टाकीतून आणि नळीतून उडून जाणारं पेट्रोल.

त्यातल्या सुट्या टाक्यांच्या अटी वर्षागणिक लागू होत गेल्या आणि २०११ पासून नव्या धाटणीच्या टाक्या दुकानात दिसू लागल्या. मुख्य अटी तीन.

पहिली, इंजिनापासून सुटी केली की टाकी आपोआप बंद झाली पाहिजे. हाताने फिरवायचा व्हेंट चालणार नाही.

दुसरी, आतला दाब ५ पीएसआयपर्यंत वाढला तरी टाकीने वाफ बाहेर सोडायची नाही. आत हवा घ्यायला मात्र परवानगी आहे. आत पोकळी तयार झाली की उघडणारा एकेरी व्हॉल्व्ह चालतो. म्हणजे टाकीने श्वास घ्यायचा, पण सोडायचा नाही.

तिसरी अट कमी लोकांना माहीत असते. पेट्रोल साध्या प्लास्टिकमधून हळूहळू पाझरतं. जुनी टाकी घट्ट बंद करून गॅरेजमध्ये ठेवली तरी दोन दिवसांनी वास यायचा, तो यामुळे. आता टाकीच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागातून दिवसाला दीड ग्रॅमपेक्षा जास्त पेट्रोल पाझरता कामा नये. नळीसाठी ही मर्यादा १५ ग्रॅमची आहे. म्हणून नव्या टाक्यांना आतून वेगळा थर किंवा रासायनिक प्रक्रिया असते. वाचकांपैकी कुणी गॅरेजवाले असतील तर त्यांना हा फरक नाकानेच कळेल.

वाफेने एवढं काय बिघडतं?

एका टाकीतून दिवसाला उडतं ते काही ग्रॅम. पण अमेरिकेत नोंदणी झालेल्या बोटीच एक कोटीहून जास्त आहेत. त्या वर्षातले बरेच दिवस नुसत्या उभ्या असतात. वापरात असताना त्या जाळतात ते पेट्रोल वेगळं, आणि उभ्या असताना न जळताच हवेत जातं ते वेगळं.

ही वाफ हवेत गेली की गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडबरोबर, कडक उन्हात तिची प्रक्रिया होते आणि जमिनीलगत ओझोन तयार होतो. वरच्या आकाशातला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. हाच ओझोन श्वासात गेला तर दमेकऱ्यांचे हाल करतो. शिवाय पेट्रोलच्या वाफेत बेन्झीन असतं, आणि त्याने कर्करोग होतो हे पक्कं माहीत आहे. आता गंमत बघा : टाकी सगळ्यात जास्त वाफ सोडते ती कडक उन्हाच्या दिवशी, आणि ओझोनही त्याच दिवशी जास्त बनतो. त्यामुळे नियमामागचा हेतू चुकीचा होता असं म्हणता येत नाही.

मग टाकी फुगते किती?

५ पीएसआय म्हणजे किती? गाडीच्या टायरमध्ये आपण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. घरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण १५ पीएसआय असतात. म्हणजे ५ हा आकडा कुकरच्या एक तृतीयांश. फार वाटत नाही. पण कुकर जाड धातूचा, गोल असतो. टाकी प्लास्टिकची आणि चपटी. टाकीची वरची बाजू ४० बाय ३० सेंटिमीटरची धरली तर ५ पीएसआयला त्या एका बाजूवर आतून चारशे किलोंहून जास्त जोर पडतो. एका म्हशीचं वजन साधारण तेवढं असतं. सपाट प्लास्टिक मग बाहेर येणारच.

हा दाब येतो कुठून? दोन ठिकाणांहून. टाकीत पेट्रोलच्या वर जी हवा असते ती तापली की पसरते. सकाळी २० अंशांना बंद केलेली टाकी दुपारी ४० अंशांवर गेली तर यातून साधारण १ पीएसआय मिळतो. खरा जोर दुसऱ्या कारणाचा. पेट्रोल तापलं की त्याची वाफ वाढते. अमेरिकेत उन्हाळ्यात विकलं जाणारं पेट्रोल घेतलं, तर २० ते ४० अंश या प्रवासात वाफेचा दाब आणखी चारेक पीएसआयने चढतो. दोन्ही मिळून आपण ५ च्या आसपास पोचतो. टाकी फुगून आतली जागा थोडी वाढते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा जरा खाली राहतो. म्हणजे एका साध्या उन्हाळी दिवशी टाकी मर्यादेच्या आसपास पोचते, पण सहसा ओलांडत नाही. वाफ आतच राहते. नियमाला हवं होतं ते होतं. टाकी फुगलेली दिसणं हा तिचा बिघाड नाही. ती असंच वागावी म्हणून बनवली आहे.

यात आणखी एक गोम आहे. अमेरिकेत हिवाळ्यात मुद्दाम जास्त उडणारं पेट्रोल विकतात, कारण थंडीत इंजिन सुरू व्हायला तेच लागतं. उन्हाळ्याचं कमी उडणारं पेट्रोल पंपांवर असलंच पाहिजे ते १ जूनपासून. आणि मिनेसोटात वॉलआय माशाचा सीझन उघडतो मे महिन्यात. त्यामुळे हिवाळ्यातलं उरलेलं पेट्रोल टाकीत असेल आणि मे महिन्यात एखादा दिवस कडक तापला, तर टाकी जुलैपेक्षाही जास्त फुगू शकते. दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर दाबात साधारण १ पीएसआयची आणखी भर.

खरी अडचण इंजिनाकडे

टाकी नुसती फुगून राहिली असती तर लोकांनी एवढा त्रागा केला नसता. पण टाकीला नळी जोडलेली असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला इंजिन असतं. आत कोंडलेली वाफ पेट्रोलवर दाबून बसते. वाफेला वर वाट नाही, पण पेट्रोलला नळीतून आहे.

जुन्या व्यवस्थेत पेट्रोल आपण होऊन कुठे जात नव्हतं. इंजिनावरचा पंप ते ओढून घ्यायचा. टाकी पायाशी, इंजिन वर, त्यामुळे पंप थांबला की पेट्रोलही थांबायचं. आता मात्र टाकीच पंप झाली. इंजिनावरच्या पंपात जे व्हॉल्व्ह असतात ते पेट्रोल मागे जाऊ देत नाहीत, पण इंजिनाच्या दिशेने रेटलं तर उघडतात. तो त्यांचा स्वभावच आहे. त्यामुळे इंजिन बंद असतानाही दाबाखालचं पेट्रोल पंपातून आरपार कार्बोरेटरपर्यंत जातं.

कार्बोरेटरमध्ये शेवटचा पहारेकरी म्हणजे फ्लोटची सुई. वाटीत पेट्रोल पुरेसं झालं की फ्लोट वर येतो आणि सुई भोक बंद करते. मोटारसायकलवाल्यांना हे सांगायला नको. ही सुई थोडा दाब सहन करते, पण ती झिजलेली असेल, तिच्याखाली कचरा अडकला असेल तर पेट्रोल वाहायला लागतं. आणि बोटीत एक खास भानगड : काठाला लागल्यावर पंखा दगडाला घासू नये म्हणून इंजिन वर उचलून ठेवतात. इंजिन तिरकं झालं की फ्लोटही तिरका, मग सुई नीट बसेलच याची खात्री नाही. म्हणजे बोट बांधून मंडळी जेवायला गेली, टाकी उन्हात, नळी जोडलेली, इंजिन वर उचललेलं. गळतीला लागणारी सगळी सामग्री एका जागी जमली.

हे पेट्रोल मग इंजिनाच्या आवरणात साठतं, तिथून पाण्यात जातं किंवा बोटीच्या तळाशी उतरतं. काही वेळा सिलिंडरमध्ये शिरून इंजिन ‘फ्लड’ होतं आणि कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात ते ऑइलमध्ये मिसळण्याचीही शक्यता असते. यात सगळ्यात वाईट प्रकार बोटीच्या तळाशी साठण्याचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, खोलगट जागेत बसून राहते. आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की एक ठिणगी पुरते. जे पेट्रोल काही ग्रॅम वाफ म्हणून उडू नये यासाठी एवढा खटाटोप केला, ते असं पेलाभर द्रवरूपात पाण्यात जाणं, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोठा विरोधाभास आहे.

जाता जाता, दाबाखालची टाकी बोटवाल्यांना अगदीच नवी नाही. १९५० च्या दशकात जॉन्सन आणि एव्हिनरूड या कंपन्यांच्या इंजिनांना दुहेरी नळी असायची. एका नळीतून इंजिनच टाकीत हवा भरायचं आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर यायचं. पुढे इंजिनावर पंप आला आणि ही पद्धत मागे पडली. फरक एवढाच की तेव्हा इंजिन त्या दाबासाठीच बनवलेलं होतं.

फ्युएल डिमांड व्हॉल्व्ह नावाचा उतारा

टाक्या बनवणाऱ्यांना ही अडचण माहीत नव्हती असं नाही. नव्या टाक्यांबरोबर एक छोटा भाग बाजारात आला : फ्युएल डिमांड व्हॉल्व्ह. तो टाकी आणि प्रायमर बल्ब यांच्या मध्ये, टाकीच्या जवळ बसवायचा. काम एकच. मागून दाब कितीही येवो, हा व्हॉल्व्ह उघडत नाही. पुढून इंजिनाने किंवा बल्बने ओढलं, तरच उघडतो. ‘मागाल तेवढंच मिळेल’ असा हिशोब.

हा भाग बसवला की गळतीचा मोठा धोका जातो. मग लोक चिडतात कशाला? एक तर अनेकांना तो असतो हेच माहीत नाही. जुनं इंजिन, जुनी नळी तशीच, फक्त टाकी फुटली म्हणून नवी आणली, असं सर्रास होतं. टाकीवर सूचना छापलेली असते, पण टाकीवरची सूचना कोण वाचतं! दुसरं, तो बाणाच्या दिशेनेच बसवावा लागतो, उलटा बसला तर पेट्रोलच येत नाही. तिसरं, नळीत आणखी एक अडथळा आला की बल्ब दाबायला जड जातो. मग ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणून लोक तोच काढून टाकतात.

उलटा प्रकारही होतो

कधीकधी त्रास बरोबर उलटा असतो. आत हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह धुळीने, मिठाने किंवा सुकलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने अडकतो. इंजिन पेट्रोल ओढत राहतं, आत हवा येत नाही, टाकी आतल्या बाजूला चेपायला लागते आणि भर तळ्यात इंजिन आचके देऊन बंद पडतं.

निदान सोपं आहे आणि रबरी फुगा इथे कामाला येतो. इंजिन बंद पडल्यावर फुगा चपटा झालेला दिसला, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. झाकण हळूच थोडं सैल करा. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि इंजिन परत नीट चाललं, तर दोष हवेच्या व्हॉल्व्हचा. झाकण बदललं की बहुतेक वेळा काम होतं, कारण बऱ्याच टाक्यांत व्हॉल्व्ह झाकणातच असतो. याउलट फुगा दगडासारखा कडक लागला, तर टाकी दाबाखाली आहे आणि पेट्रोल इंजिनाकडे रेटलं जातंय. कितीही दाबून फुगा मऊच राहिला, तर नळीत कुठेतरी हवा घुसतेय.

लोकांनी शोधलेले ‘उपाय’

आता जुगाड. काही जण झाकण कायम सैल ठेवतात. काही जण झाकणाला ड्रिलने भोक पाडतात. काही जण आतला व्हॉल्व्हच काढून फेकतात. राग समजण्यासारखा आहे, पण यातून होतं काय? जुन्या टाकीचा व्हेंट निदान बंद तरी करता यायचा. हे भोक कधीच बंद होत नाही. टाकी गाडीत ठेवली, आडवी झाली, तर पेट्रोल सरळ बाहेर. वाफ चोवीस तास चालू. म्हणजे २०११ च्या आधी होती त्याहून वाईट अवस्था. शिवाय अमेरिकेच्या कायद्यानुसार प्रदूषण रोखायला बसवलेला भाग निकामी करणं हा गुन्हा ठरतो. घरच्या टाकीचं झाकण तपासायला कुणी दारात येत नाही ही गोष्ट वेगळी. खरा धोका दंडाचा नाही, आगीचा आहे.

फुगलेल्या टाकीचा दाब रोज दुपारी सोडणारेही आहेत. त्याने काय होतं बघा. दुपारी दाब सोडला. रात्री टाकी गार झाली, आत पोकळी आली, हवेचा व्हॉल्व्ह उघडला आणि ताजी हवा आत गेली. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की पुन्हा तेवढाच दाब. उलट टाकी न उघडता, नळी काढून नुसती ठेवली तर रात्री वाफ परत पेट्रोलमध्ये विरते आणि दाब आपोआप उतरतो. म्हणून दाब रोज सोडत बसण्याऐवजी नळी जोडायच्या अगदी आधी एकदा सोडलेला बरा.

पेट्रोलच्या कॅनचं भांडण वेगळं

सोशल मीडियावर या विषयाची चर्चा वाचली तर दोन गोष्टींची हमखास सरमिसळ दिसते. बोटीची टाकी वेगळी आणि पेट्रोल आणायचा कॅन वेगळा. कॅनसाठी अमेरिकेत २००९ पासून दुसरा नियम आहे. दर गॅलनमागे दिवसाला ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ जाता कामा नये. त्यामुळे कॅनना आपोआप बंद होणाऱ्या स्प्रिंगच्या तोट्या आल्या आणि मागचं हवेचं भोक गेलं. भोक नसल्याने पेट्रोल गुडगुड करत, हबके देत ओतलं जातं आणि सांडतं. यावरचा अमेरिकी माणसाचा राग तर जगप्रसिद्ध आहे.

जुलै २०२५ मध्ये ईपीएचे प्रमुख ली झेल्डिन यांनी कॅन बनवणाऱ्यांना हवेची भोकं परत द्या असं आवाहन केलं. अनेकांनी त्याचा अर्थ बोटीच्या टाकीचा नियमही गेला असा लावला. तसं नाही. कॅनचं भोक पेट्रोल ओतताना हवा आत यावी म्हणून असतं, एरवी ते बुचाने बंदच ठेवायचं. बोटीच्या टाकीचा प्रश्न उन्हात ठेवली असताना वाफ बाहेर सोडायची की नाही, हा आहे. ओतताना हवा आत घेण्याला कुठल्याच नियमाची ना नव्हती.

बोटीच्या अंगात बसवलेल्या टाक्यांना तर तिसराच तोडगा मिळाला. त्यांच्या व्हेंटच्या वाटेवर कोळशाचा डबा बसवता येतो. वाफ कोळशात शोषली जाते आणि टाकी गार होताना आत जाणारी हवा त्यातली काही वाफ परत घेऊन जाते. टाकी मोकळा श्वास घेते आणि दाबही साठत नाही. उचलून नेल्या जाणाऱ्या, कधी आडव्या पडणाऱ्या टाकीवर असा डबा टिकवणं अवघड. एकदा त्यात द्रव पेट्रोल शिरलं की कोळसा भिजला आणि काम संपलं. त्यामुळे सुट्या टाकीच्या वाट्याला कोंडलेली वाफच आली. नियमाच्या मसुद्यात हे समजण्यासारखं असलं, तरी दाबाची जबाबदारी शेवटी वापरणाऱ्याच्या अंगावर पडली, आणि ते त्याला कुणी नीट सांगितलं नाही.

वापरणाऱ्यांनी काय करायचं?

अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्या आणि वीकेंडला भाड्याने बोट घेणाऱ्या मराठी मंडळींसाठीही हे कामाचं आहे.

टाकी बोटीत ठेवून भरू नका. खाली उतरवून जमिनीवर किंवा धक्क्यावर ठेवून भरा. पेट्रोल सांडलं तरी वाफ बोटीत साठत नाही आणि स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोकाही कमी होतो. काठोकाठ भरू नका, पेट्रोलला पसरायला जागा लागते.

टाकी सावलीत ठेवा. जाड ओला टॉवेल टाकला तरी फरक पडतो. मात्र हवा बंद होईल अशा कप्प्यात कोंबू नका. टाकीची जागा हवेशीरच हवी.

नळी जोडण्याआधी झाकण अगदी सावकाश फिरवून दाब सोडा. तोंड बाजूला, सिगारेट लांब, इंजिन थंड. दाब उतरला की झाकण पुन्हा घट्ट करा आणि मगच नळी जोडा.

इंजिन बंद केलं, जेवायला निघालात, की नळी टाकीकडून काढा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि वर सांगितलेल्या गळत्यांपैकी बहुतेक यानेच टळतात. इंजिन वर उचलून ठेवणार असाल तर हे विसरूच नका.

डिमांड व्हॉल्व्ह नसेल तर बसवून घ्या. आणि २०११ च्या आधीची टाकी घरात असेल तर ती वापरायला बंदी नाही, नियम नव्याने बनवलेल्या टाक्यांसाठी आहे. पण तेवढ्या जुन्या प्लास्टिकला तडे गेलेत का ते बघा आणि स्क्रू बंद करायला विसरू नका.

आपल्याकडे काय?

ईपीएचा हा नियम भारतात लागू नाही. कोकण किनाऱ्यावरचे ट्रॉलर डिझेलवर चालतात. छोट्या होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांपैकी काही रॉकेलवर चालतात. रॉकेल आणि डिझेल पेट्रोलसारखं उडत नाही, त्यामुळे त्यांच्या टाक्या अशा फुगत नाहीत. पेट्रोलच्या इंजिनाला अशी नव्या धाटणीची सुटी टाकी जोडली असेल, तर मात्र मालवणचं ऊन मिनेसोटाच्या उन्हापेक्षा सौम्य नाही.

वाफ कोंडायची की कोळशात धरायची, हा प्रश्न मात्र आपल्या दारातही उभा आहे. बीएस-४ नियम २०१७ मध्ये देशभर लागू झाले तेव्हापासून दुचाकींच्या टाकीतून उडणाऱ्या वाफेवरही मर्यादा आली. अनेक स्कूटर-बाइकच्या पोटात एक काळा डबा आणि त्याला जोडलेल्या बारीक नळ्या दिसतात, तो हाच कोळशाचा डबा. सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर ‘हा काढून टाकू का, काही उपयोग नाही’ असं मेकॅनिक म्हणाला, तर तो काय काढायला निघालाय ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि दर एप्रिल-मे महिन्यात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो : उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो, निम्मीच भरा. इंडियन ऑइलने हा दावा खोटा असल्याचं स्पष्ट केलं आहे. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी उन्हाळ्यातही खुशाल भरा. पंपाची नळी आपोआप ‘टक’ करून थांबल्यावर वर आणखी शंभर रुपयांचं राउंड फिगर करायला लावू नका, कारण ते जादाचं पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरू शकतं.